आठ महिने वापरलेला स्कॅनर आणि जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा लहरी धक्का

हा अनुभव मी पहिल्यांदा चौथ्या महिन्यात लिहायला घेतला होता आणि तेव्हा गाडीच्या संगणकातले दोष आणि आकडे फोनवर दाखवणाऱ्या या ब्लूटूथ स्कॅनरला पाचपैकी एक तारा देऊन मोकळा होणार होतो. तो मजकूर केवळ आळसामुळे अर्धवट राहिला, हे बरेच झाले. आज आठ महिन्यांनंतर तारे वाढले आहेत. एक तक्रार मात्र कायम आहे आणि ती मी सविस्तर मांडणार आहे, कारण माझे काही महिने तिनेच खाल्ले.

डॅशबोर्डखालच्या सॉकेटमध्ये बसणारे हे काडेपेटीएवढे उपकरण फोनला कसे जोडायचे, हे बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून ते सोडून देतो. माझी गाडी वीस वर्षांहून जुनी, चार गिअरची ऑटोमॅटिक, केबलने ओढल्या जाणाऱ्या थ्रॉटलची (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेची) आहे. दोष असा होता की दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना मागून कोणी ढकलावे तसा धक्का बसे. पण रोज नाही. सलग आठ दिवस गाडी तक्रारीला जागा देत नसे आणि नवव्या दिवशी एकाच फेरीत तीनदा दचकवी.

वर्कशॉपमध्ये नेल्यावर ती अर्थातच गुणी बाळासारखी वागे. मेकॅनिक मला शेजारी बसवून, ॲक्सिलरेटर अर्ध्याहून अधिक दाबून दोन फेऱ्या मारी आणि ‘‘काही नाही हो, मस्त चालतेय’’ म्हणून किल्ली परत देई. तिसऱ्या खेपेला मात्र, दोष एकदाही स्वतः न अनुभवता, गिअरबॉक्स उतरवून पूर्ण खोलावा लागेल असे त्याने सांगितले आणि जो अंदाज लिहून दिला तो गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त होता. न दिसलेल्या दुखण्यावर एवढी मोठी शस्त्रक्रिया करून घेण्याची माझी तयारी नव्हती. स्कॅनर विकत घेतला तो या चिडीतून. त्या अंदाजापुढे त्याची किंमत किरकोळ होती.

तत्पूर्वी गिअर ऑइलचा सोपस्कार केला. माझ्या गाडीच्या गिअरबॉक्सला डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, आहे आणि पातळी तपासण्याची तिची रीत अशी की गाडी चालवून ऑइल पूर्ण तापवायचे, सपाट जागी उभी करायची, लिव्हर सगळ्या स्थानांतून फिरवून पार्कमध्ये आणायचा आणि इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक काढायची. थंड गाडीत, इंजिन बंद करून घेतलेली पातळी फसवी असते. पातळी ठीक होती, रंग लालसर तपकिरी झाला होता, जळका वास नव्हता. तरीही ऑइल बदलले, तेही तीन हप्त्यांत, कारण खालचा नट काढला तरी टॉर्क कन्व्हर्टरमधले (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना ऑइलमार्फत जोडणाऱ्या भागातले) ऑइल आतच राहते. एका वेळी ४० टक्के निघते असे धरले तर तिसऱ्या वेळेनंतरही नवे ऑइल ७८ टक्क्यांच्या आसपासच भरते. शेवटच्या हप्त्यानंतर धक्के जवळजवळ दोन आठवडे थांबले आणि मी घरात विजयाची घोषणाही केली. त्या दिवशी बॅटरीचे टोक साफ करण्यासाठी म्हणून काढून ठेवले होते, ही गोष्ट मी त्या वेळी हिशेबातच धरली नाही. बॅटरी सुटली की माझ्या गाडीच्या गिअरबॉक्सचा संगणक आपण शिकलेले आकडे विसरतो आणि नव्याने शिकायला बसतो. तो पुन्हा चुकीचे शिकेपर्यंतची ती शांतता होती आणि तिचे सारे श्रेय मी ऑइलला देऊन बसलो होतो.

धक्के परतले, तेव्हा स्कॅनर हाती घेतला. पहिलेच उत्तर आले, ‘‘कोणताही दोष आढळला नाही.’’ दुसऱ्या दिवशी धक्का बसल्याबरोबर गाडी बाजूला घेऊन विचारले, तरी तेच. असे स्वस्त स्कॅनर मुख्यतः इंजिनाच्या संगणकाशी बोलतात. गिअरबॉक्सच्या संगणकात काही नोंद असली तर इंजिनाकडे फार तर ‘पी०७००’ हा कोड दिसतो आणि त्याचा अर्थ एवढाच की सविस्तर चौकशी पलीकडच्या दारी करावी. माझ्याकडे तोही नव्हता.

म्हणून मी थेट आकडे नोंदवण्याच्या सोयीकडे वळलो आणि माझी मुख्य तक्रार येथूनच सुरू होते. खोक्यावर ‘थेट आकडे’ असे ठसठशीत छापले आहे. मी हौसेने दहा आकडे निवडले: इंजिनाचे फेरे, वेग, थ्रॉटल, कूलंटचे तापमान, व्होल्टेज आणि आणखी पाच. नोंद उघडून पाहिली तर प्रत्येक आकडा दोन-अडीच सेकंदांनी एकदा बदललेला. गिअर बदलण्याची क्रिया एका सेकंदाच्या आत उरकते. म्हणजे जे पाहण्यासाठी उपकरण आणले तेच नेमके दोन नोंदींच्या फटीतून निसटत होते. ही गोष्ट खोक्यावर नाही, माहितीपत्रकात नाही, ॲपमध्येही नाही. विक्रेत्याला लिहिले तर ‘‘फोन बदलून पाहा’’ असे उत्तर आले. मी फोन बदलला नाही. दोन महिने त्याच विरळ नोंदी चाळत राहिलो आणि दोष उष्णतेशी संबंधित असावा असा गैरसमज करून घेतला, कारण धक्का बसण्याच्या प्रत्येक वेळी कूलंट तापलेले असे. ते न तापेल तर काय; घरापासून दहा मिनिटांवर गेलेल्या कोणत्याही गाडीचे कूलंट तापलेलेच असते.

येथे मला माझे मत दुरुस्त करावे लागते. मंदपणाचा दोष बराचसा स्कॅनरचा नसून गाडीचा होता. माझ्या गाडीच्या पिढीतील, स्कॅनर आणि संगणक यांच्यातल्या संवादाची वाहिनी सेकंदाला १०.४ किलोबिट या गतीने बोलते. नंतरच्या गाड्यांतील ‘कॅन’ (CAN) नावाची वाहिनी सर्रास ५०० किलोबिटने, म्हणजे जवळजवळ ४८ पट वेगाने. शिवाय स्कॅनर एका वेळी एकच प्रश्न विचारतो आणि उत्तर मिळाल्यावरच पुढचा. सेकंदाला जेमतेम चार-पाच उत्तरे मिळणार असतील, तर ती दहा आकड्यांत वाटायची की दोघांत, हे ठरवणे माझ्या हाती होते. हे कळल्यावर मी फक्त इंजिनाचे फेरे आणि थ्रॉटल एवढेच ठेवले. (हे एक वाक्य माहितीपत्रकात छापायला कोणाचे काय जात होते, हा प्रश्न मात्र मी अजून सोडलेला नाही.)

तिसऱ्याच दिवशी सापडले. पाय स्थिर, रस्ता सपाट आणि नोंदीत थ्रॉटलचे आकडे ओळीने १७, १७, १८, ३१, १७. माझा पाय हललेला नव्हता. पुढच्या आठवड्यात अशा चार उसळ्या मिळाल्या. चारही १६ ते १९ टक्क्यांच्या दरम्यान सुरू झालेल्या आणि त्यांपैकी दोन धक्क्याच्या क्षणाला अगदी चिकटून.

मग सगळे जुळत गेले. अशा जुन्या ऑटोमॅटिकमध्ये गिअर केव्हा बदलायचा आणि आतल्या क्लचवर ऑइलचा दाब किती द्यायचा, हे संगणक मुख्यतः थ्रॉटलवरून ठरवतो. थ्रॉटल जास्त उघडलेला दिसला की इंजिन जोर लावत आहे असे समजून तो दाब वाढवतो; प्रत्यक्षात इंजिन निवांत असले तर तोच दाब धक्का होऊन आपल्या पाठीत बसतो. थ्रॉटलचा सेन्सर म्हणजे कार्बनच्या पट्टीवर घासत फिरणारा काटा आणि पट्टी झिजते ती जिथे काटा सर्वाधिक काळ असतो तिथे, म्हणजे रोजच्या संथ चालवण्याच्या जागी. कोड का आला नाही, याचेही उत्तर त्यातच होते: व्होल्टेज फार खाली किंवा फार वर गेल्यावरच संगणक तक्रार नोंदवतो आणि ही उसळी मर्यादेच्या आतली होती. राहता राहिला मेकॅनिक. तो ॲक्सिलरेटर दाबून ट्रायल घेई आणि झिजलेली जागा क्षणात ओलांडून जाई. गाडी त्याच्यापुढे सोंग करत नव्हती; तो ती माझ्यासारखी चालवत नव्हता.

खात्री करण्यासाठी स्कॅनर बाजूला ठेवून जुना काट्याचा मल्टिमीटर काढला. इंजिन बंद, किल्ली ऑन, एक टोक सेन्सरच्या सिग्नलच्या वायरला, दुसरे ग्राउंडला. थ्रॉटल हाताने अगदी सावकाश उघडत गेलो. काटा अर्ध्या व्होल्टपासून गुळगुळीत वर चढला, एक व्होल्टच्या थोडा पुढे गेल्यावर एकदा थरारला आणि पुन्हा गुळगुळीत चढला. दहा वेळा केले. सात वेळा त्याच ठिकाणी थरारला. आकडे दाखवणाऱ्या डिजिटल मीटरवर हा थरार मला एकदाही दिसला नाही.

नवा सेन्सर दोन स्क्रूंवर बसतो. त्याची भोके लांबट असतात, म्हणून थ्रॉटल बंद असतानाचे व्होल्टेज मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवून मगच स्क्रू आवळावे लागतात. नुसता बसवून भागत नाही. त्यानंतर बॅटरीचे टोक, या वेळी समजून उमजून, काढून ठेवले. आता चौथा महिना चालू आहे आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधला धक्का एकदाही बसलेला नाही. सकाळी पहिल्यांदा रिव्हर्स टाकताना एक हलका ठोका अजून येतो, पण तो ब्रेक दाबून उभे असताना इंजिन किती उचलले जाते हे पाहिल्यावर माउंटचा, म्हणजे इंजिन धरून ठेवणाऱ्या आधाराचा, वाटतो आणि त्याची घाई नाही.

स्कॅनरला आता तीन तारे देतो. चौथा माहितीपत्रकासाठी कापला. पाचवा कापला तो वेगळ्या कारणासाठी: हे उपकरण सॉकेटमध्येच राहिले तर गाडी बंद असतानाही थोडी वीज ओढत राहते, ऑन-ऑफचे बटण त्याला नाही आणि आधीच थकलेली माझी बॅटरी आठवडाभर उभ्या गाडीत त्याने पार संपवली. तेव्हापासून तो काम झाले की काढून ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवतो, त्या घडी केलेल्या अंदाजाच्या कागदाशेजारी.