नाताळच्या गोधड्यांचं कापड आणि ३४,५२० रुपये

इन्स्टाग्रामवरच्या एका खोट्या कापड-दुकानाने माझे एकूण ३४,५२० रुपये नेले. आकडा आधीच लिहिते, कारण पहिले आठ दिवस मी घरातसुद्धा तो खरा सांगितला नव्हता. ‘आठ-दहा हजार गेले’ असंच म्हणत राहिले. लाज वाटत होती, अजूनही वाटते. पण परवा आमच्या महिला मंडळातल्या एकीने मोबाइलवर तसलंच एक पान उघडून विचारलं, ‘हे मागवू का गं?’ तेव्हा ठरवलं, आता लिहायचंच.

आम्ही वसईचे. नाताळच्या आधी घरासाठी शिवण काढायची ही माझ्या सासूबाईंपासूनची रीत. उशांना नवे अभ्रे, आणि त्या वर्षी घरात बाळ आलं असेल तर त्याला गोधडी. २०२४ ला तीन गोधड्या करायच्या होत्या. एक नातवाला, त्याचा पहिला नाताळ म्हणून. एक लेकीच्या नव्या घरासाठी. आणि एक धाकट्या दिरांना, त्यांचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. शिवाय आठ उशा. आतल्या बाजूला लावायला आजेसासूबाईंचं लाल लुगडं आणि माझ्या दोन सुती साड्या धुऊन ठेवल्या होत्या. वरून मात्र चांदण्यांचं, लाल-हिरवं सुती कापड हवं होतं. आमच्या बाजारात तसा छाप दिसतो तो बहुतेक पॉलिस्टरवर, आणि बाळाच्या अंगावर मी पॉलिस्टर घालणार नाही. दुकानदाराने ‘प्युअर कॉटन’ म्हणून शपथ घेतली तरी मी कडेचा धागा काढून जाळून बघते. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची राख होते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची कडक गुठळी होते. एवढी वर्षं मशीनवर बसते, कापडात मला कोणी फसवू शकलेलं नाही. म्हणूनच हे इतकं लागलंय.

इन्स्टाग्रामवर जाहिरात आली. लाल चांदण्यांची गोधडी, बाजूला चार उशा, खाली लिहिलेलं ‘शंभर टक्के सुती, ४४ इंच पन्हा, ३६० रुपये मीटर, नाताळपर्यंतच’. अठरा मीटरचे ६,४८० रुपये झाले. कॅश ऑन डिलिव्हरी विचारलं तर म्हणाले, कापून द्यायचा माल आहे, आगाऊच लागतात. मला ते पटलं. कापलेलं कापड कोण परत घेतं? ९ नोव्हेंबरला पैसे पाठवले.

आणि इथेच मला कळायला हवं होतं. पैसे पाठवताना पडद्यावर घेणाऱ्याचं नाव येतं. पानावर दुकानाचं नाव होतं, पडद्यावर आलं एका माणसाचं, नाव-आडनावासकट. मी ते वाचलं. नीट वाचलं. मनात म्हटलंही, मालकाचं खातं असेल. छोटी दुकानं तशीच चालतात, आमचा भाजीवालाही बायकोच्या खात्यावर घेतो. चार आकडे दाबायला जेवढा वेळ लागतो तेवढाही मी थांबले नाही. दुकानात धागा जाळून बघणारी मी, आणि इथे समोर आलेलं नाव सोडून दिलं. रात्री झोप लागत नाही तेव्हा तोच पडदा डोळ्यांसमोर येतो.

पुढचं तुम्हाला ठाऊकच असेल. दोन आठवडे ‘निघालंय, निघालंय’. मग ‘पार्सल अडकलंय, २,१५० भरा, डिलिव्हरी झाली की परत मिळतील’. भरले. आगमनकाळ, म्हणजे नाताळआधीचे आठवडे, तोंडावर आला होता, कापड एकदा पाण्यातून काढल्याशिवाय मी कात्री लावत नाही, नाहीतर पहिल्या धुण्यात गोधडी आकसते. दिवस मोजत होते मी. घाई माझी होती आणि ती त्यांना बरोबर कळली होती.

२८ नोव्हेंबरला मीच चिडून म्हटलं, ऑर्डर रद्द करा. लगेच एका मुलाचा फोन. स्वच्छ मराठी, ‘काकू, काकू’ करत बोलणारा. म्हणाला, तुमचे ८,६३० परत करतो, तुमच्या मिस्टरांच्या मोबाइलवर क्यूआर पाठवलाय, तुमच्या मोबाइलने स्कॅन करा. केला. पिन टाकला. ८,६३० आले नाहीत, गेले. तो घाबरल्यासारखा बोलायला लागला, ‘काकू, सिस्टीमने उलटं घेतलं, आता एकदम १७,२६० येतील, फोन ठेवू नका.’ आणि मी फोन ठेवला नाही. १७,२६० गेले.

पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. कधीच नाही. हे मला माहीत होतं. बँकेचा तसा मेसेज येतो, तो मी वाचलेला आहे. पण समोरचा सारखा बोलत असला की वाचलेलं आठवत नाही. ‘फोन ठेवू नका’ म्हणाला की त्याच क्षणी ठेवा.

सायबर फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या १९३० ह्या सरकारी नंबरवर तासाभरात फोन केला. चौथ्या वेळी लागला. तक्रार क्रमांक मिळाला, तेवढं काम झालं. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात गेले तर समोरचा पहिलं वाक्य म्हणाला, ‘पिन तुम्हीच टाकला ना?’ बाजूला बसलेला हसला. माझ्या मुलाच्या वयाचा होता तो. मग म्हणाले, सायबरवाल्यांकडे जा. तिथे म्हणाले, रक्कम लहान आहे, तुमच्या ठाण्यातच द्या. पुन्हा ठाण्यात, तर ‘समोरचं खातं दुसऱ्या राज्यातलं आहे’. असलं म्हणून काय झालं? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ मध्ये, गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, नोंदवून घ्या असं लिहिलेलं आहे. हे मला लेकीने शोधून दिलं. मी कागद पुढे ठेवला तर म्हणाले, ‘आम्हाला कायदा शिकवू नका.’ पाच फेऱ्या झाल्या. दर वेळी रिक्षा, दर वेळी तीच गोष्ट नव्या माणसाला पहिल्यापासून सांगायची, आणि दर वेळी पिनपाशी आले की समोरच्याच्या चेहऱ्यावर तेच. चोर मी आहे का?

बँकेत तर दोन मिनिटांत वाटेला लावलं. ‘व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय.’ अर्ज घ्यायलाही तयार नव्हते. घ्यायला लावा, तारखेचा शिक्का मारून पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं, पण ती पोच हातात लागते. मी पहिल्या दिवशी ती घेतली नाही, मला कोणी सांगितलं नाही. आणि समोरच्या खात्यात माझे ४,३०० रुपये गोठवलेत म्हणे. तेव्हा म्हणाले, ते मिळवायला न्यायालयाचा आदेश आणा! चार हजारांसाठी वकील?

हेही लिहून ठेवा. जीएसटी क्रमांक मागा आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून बघा, दुकानाचं नाव येतं की नाही. फोटो गूगल लेन्सवर टाका, तो आधी कुठे आलाय ते तिथे दिसतं. लेकीने नंतर टाकला, तर ती गोधडी अमेरिकेतल्या एका बाईंनी स्वतःच्या घरासाठी शिवलेली निघाली. त्या बिचारीलाही पत्ता नसेल. आणि गप्प राहू नका. मी आठ दिवस गप्प होते, तेवढ्यात त्यांनी आणखी कोणाला गाठलं असेल कोण जाणे.

नातवाची गोधडी मी केली. लुगड्याची आणि साड्यांची, हाताने, धावदोऱ्याने. नाताळच्या आदल्या रात्री मिस्सेला निघण्याआधी शेवटची गाठ मारली. दिरांची आणि लेकीची राहिली. उशांना गेल्या वर्षीचेच अभ्रे घातले.

मंडळातल्या तिने दाखवलं ते पान वेगळ्या नावाचं आहे. फोटो तोच. लाल चांदण्या, चार उशा, उजव्या कोपऱ्यात लाकडी टेबलाची कड. भाव तेवढा बदललाय, आता ३४० रुपये मीटर लिहिलंय.