पाठीतल्या भुलेची सुई: २५ गेज व्हिटॅकर, क्विंकीच्या शेजारी ठेवून

स्पायनल नीडल मागवताना बहुतेक ठिकाणी दोनच गोष्टी पाहिल्या जातात, गेज (सुईची जाडी; आकडा मोठा तितकी सुई बारीक) आणि भाव. टोक कसलं आहे हे पेटी फोडल्यावर कळतं. वास्तविक रुग्णाला तिसऱ्या दिवशी डोकं धरून बसावं लागणार की नाही, हे गेजइतकंच टोकावर ठरतं. बाजारात दोन जाती आहेत. क्विंकीचं टोक तिरपं कापलेलं, धारदार, भोक थेट टोकाला, बी. ब्राउनची स्पायनोकॅन या जातीतली. पेन्सिल-पॉइंटचं टोक निमुळतं पण बंद, भोक बाजूला. बीडीची व्हिटॅकर, बी. ब्राउनची पेनकॅन आणि पाजुंकची स्प्रोट या त्यातल्या. दुसरीचा भाव पहिलीपेक्षा जास्त असतो. तो द्यावा का? सिझेरियनसाठी आणि तरुण रुग्णांसाठी आमचं उत्तर सरळ ‘हो’ आहे.

सुई कातडी, चरबी, दोन लिगामेंट, मग चिवट लिगामेंटम फ्लेव्हम आणि एपिड्युरल जागा (ड्युराच्या लगेच बाहेरची पोकळी) ओलांडून ड्युरापाशी येते. ड्युरा म्हणजे कोलॅजनच्या अनेक थरांचं जाड आवरण. त्याला आतून चिकटलेलं अरॅक्नॉइड कागदापेक्षा नाजूक, पण मेंदू-मज्जारज्जूभोवतीचं पाणी (सीएसएफ) अडवून धरण्याचं काम मुख्यतः त्याचंच. तिसरं आवरण, पाया, थेट मज्जारज्जूला लपेटलेलं असतं; तिथवर सुईने कधीच पोचायचं नाही. प्रौढांत रज्जू साधारण एल-१ ते एल-२ला (कमरेचा पहिला-दुसरा मणका) संपतो, म्हणून एल-३/४ किंवा एल-४/५ची फट घ्यायची. बोटांनी मोजलेली फट बऱ्याचदा प्रत्यक्षात एक मणका वर निघते. शंका असेल तर खालची घ्या.

प्रौढाच्या मेंदू-मज्जाभोवती जेमतेम १५० मिलि पाणी असतं. दिवसाला साधारण ५०० मिलि नवं तयार होत असलं, तरी भोकातून गळती जास्त झाली की मेंदूचा आधार कमी होतो, आवरणं ताणली जातात, शिरा फुगतात. उठून बसलं की डोकं ठणकतं, आडवं झालं की उतरतं. २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये ११० चाचण्यांचा एकत्रित हिशेब आला, रुग्ण ३१ हजारांहून जास्त: धारदार टोकाने ही डोकेदुखी ११ टक्के, पेन्सिल-पॉइंटने ४.२ टक्के. सुई चुकण्याचं प्रमाण दोन्हींत सारखंच. ‘बोथट सुईने स्पायनल लागत नाही’ ही तक्रार त्यामुळे फारशी टिकत नाही.

गंमत अशी की इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली व्हिटॅकरचं भोक जास्त कुरूप दिसतं. क्विंकी ड्युरात अर्धवट कापलेल्या डब्याच्या झाकणासारखी स्वच्छ चीर पाडते. पेन्सिल-पॉइंट तंतू फाडत, बाजूला सारत जाते. कडा खरबरीत राहतात. त्या खरबरीत कडांभोवती सूज जास्त येते आणि भोक लवकर बुजतं, असा अंदाज आहे. क्विंकीच वापरायची असेल तर धारेचा चपटा भाग पाठीच्या कण्याच्या रेषेत ठेवा, आडवा नाही. ड्युराचे सगळे तंतू उभे असतात हे जुनं स्पष्टीकरण आता मानलं जात नाही, पण डोकेदुखी त्याने कमी होते, हे खरं.

आता वापर. २५ गेजची व्हिटॅकर कातडीत स्वतःहून शिरत नाही. इंट्रोड्यूसर (तिला वाट करून देणारी आखूड, जाड सुई) लागतोच, त्यामुळे तो पाकिटात आहे ना, हे आधी पाहा. तो इंटरस्पायनस लिगामेंटमध्ये (मणक्यांच्या काट्यांमधल्या) घट्ट बसेल इतकाच आत घाला. सडपातळ बाईत पूर्ण लोटला तर इंट्रोड्यूसरनेच ड्युरा फुटू शकतो, आणि ते भोक २० गेजचं असतं. मग बारीक सुई घेऊन मिळवलं काय? ड्युरा ओलांडताना पेन्सिल-पॉइंटची ‘टक’ क्विंकीपेक्षा स्पष्ट लागते, हा तिचा मोठा गुण. टक लागल्यावर तिथेच थांबू नका, जेमतेम मिलिमीटरभर पुढे जा. भोक बाजूला असल्यामुळे ते अर्धं आत, अर्धं बाहेर राहू शकतं: पाणी दिसतं, पण औषध थोडं एपिड्युरलमध्ये किंवा ड्युरा-अरॅक्नॉइडच्या मध्ये जातं आणि भूल अर्धवट लागते. स्प्रोटचं भोक लांबट आणि टोकापासून जरा मागे असल्याने तिच्यात हा धोका अधिक. व्हिटॅकरचं लहान, टोकाजवळ. नवशिक्यांसाठी म्हणूनच आम्ही व्हिटॅकर वर ठेवतो.

स्टायलेट (सुईतली बारीक तार) काढल्यावर थेंब यायला काही सेकंद द्या. नाही आला तर सुई ९० अंशांत फिरवून पाहा. सिरिंज हबवर (सुईच्या मागच्या प्लास्टिकच्या टोकावर) दाबून घट्ट बसवा. सिझेरियनला हेवी ब्युपिव्हकेन (भुलेचं औषध) जेमतेम २ मिलि असतं, त्यातले चार थेंब हबपाशी गळले तरी फरक पडतो. हाडाला जोरात लागलेली सुई पुन्हा वापरू नका, टोक वाकून आकड्यासारखं होतं.

२७ गेजच्या राखाडी हबची भुरळ अनेकांना पडते. पेन्सिल-पॉइंटमध्ये २५वरून २७ला गेल्याने होणारा फायदा थोडा, त्रास बराच: सुई वाकते, पाणी हळू येतं, कडक लिगामेंट असलेल्या म्हाताऱ्या पाठीत तर नकोच. तिथे २२ किंवा २३ची क्विंकी बिनदिक्कत वापरा. उतारवयात ही डोकेदुखी मुळात कमी होते. निदानासाठी पाणी काढायचं असेल तर २२ गेजचं पेन्सिल-पॉइंट बरं, २५ने नमुना भरेपर्यंत सगळेच कंटाळतात. त्या कामात सुई बाहेर काढण्याआधी स्टायलेट परत घाला, म्हणजे अरॅक्नॉइडचा धागा भोकात ओढला जात नाही. स्थूल रुग्णांसाठी नेहमीची ९० मिमी पुरत नाही, १२० मिमीच्या दोन-चार सुया कपाटात हव्यात.

सुईइतकीच काळजी तिच्या शेजारच्या वस्तूंची. कातडी निर्जंतुक करणारं क्लोरहेक्सिडीन ०.५ टक्क्याचं, पूर्ण वाळल्यावरच टोचायचं, आणि त्याची वाटी औषधाच्या ट्रेवर कधीच नाही. आत गेलं तर अरॅक्नॉइडची दाहक सूज कायमची अपंग करू शकते. ब्युपिव्हकेनऐवजी ट्रानेक्सॅमिक ॲसिडचा (रक्तस्राव थांबवणारं औषध) अँप्यूल फोडून ते पाठीत टोचलं जाण्याच्या घटना जगभर घडल्या आहेत, त्यांत मृत्यूही आहेत. दोन्ही वेगळ्या कपाटांत ठेवा.

‘सिझेरियनच्या इंजेक्शनने कंबर कायमची गेली’ हे घरोघरी ऐकू येतं. टोचल्या जागी काही दिवस दुखतं. कायमच्या कंबरदुखीशी संबंध अभ्यासांत दिसलेला नाही. डोकेदुखी मात्र खरी. पाणी पिऊन, पॅरासिटामॉल, कॉफी घेऊन उतरली नाही तर रुग्णाचंच १५ ते २० मिलि रक्त एपिड्युरल जागेत सोडतात, ते ब्लड पॅच. आडवं होऊनही डोकं दुखत राहिलं, दोन-दोन दिसू लागलं किंवा ताप आला, तर पॅचची वाट न पाहता तपासणी करा. ताणलेल्या शिरेतून ड्युराखाली रक्तस्रावही होतो.

खरेदीपूर्वी हबची जोडणी विचारून घ्या. चुकीचं औषध पाठीत जाऊ नये म्हणून काढलेल्या एनआरफिट सुयांना साधी ल्युअर सिरिंज बसत नाही. सुया आणि त्यांना बसणाऱ्या सिरिंज एकत्र मागवल्या नाहीत तर नवी पेटी तशीच पडून राहील.