तांदळाच्या दाण्याएवढा फोड: १९६६ च्या एमजीबीला नवा रंग दिल्यानंतरचे अकरा महिने

माझी एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार रंगवून घरी आणल्याला अकरा महिने झाले, तिच्यावर ३,१०० मैलांचा प्रवास झाला आणि पेल प्रिमरोज हा फिकट पिवळा रंग पत्र्यावर इतका देखणा बसला की हा अनुभव मी बहुधा निव्वळ कौतुकाने लिहिला असता. परंतु जूनच्या पहिल्या आठवड्यात गाडी पुसताना डाव्या दाराच्या खालच्या कडेला, मागच्या कोपऱ्यापासून साधारण वीतभर अंतरावर, फडक्याखाली बोटाला काहीतरी लागले. वाकून पाहिले तर तांदळाच्या दाण्याएवढा एक फोड होता. दाणा आंबेमोहोराचा म्हणावा, बासमतीचा नव्हे. तरीही त्या दिवसापासून मला संपूर्ण गाडीत त्या दाण्यावाचून दुसरे काही दिसेनासे झाले.

एमजीबीचे इंजिन, ओव्हरड्राइव्ह, एसयू कार्ब्युरेटरांची कुरकुर यांविषयी वाचकांना माझ्याइतकेच ठाऊक असेल, म्हणून ते सारे सोडून देतो. इथे प्रश्न फक्त पत्र्याचा आणि रंगाचा आहे. मी इंग्लंडमधल्या वॉरिकशरमध्ये राहतो, गाडी माझ्याकडे नऊ वर्षे आहे आणि घेतली तेव्हा ती लाल होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती जवळच्याच एका कार्यशाळेत, जिचे नाव मी लिहिणार नाही, जुना रंग पूर्ण उतरवून नव्याने रंगवण्यासाठी दिली. जुलै २०२४ मध्ये ती परत मिळाली. सुरुवातीचा अंदाज ७,८०० पौंडांचा होता. अखेरचे बिल २० टक्के करासह १३,२१२ पौंडांचे झाले. या दोन आकड्यांमधल्या अंतरात काय काय दडले होते ते पुढे येईलच.

रंग कोणता द्यायचा, हा वाद घरात बराच काळ चालला. लाल रंगाचा थर दाराच्या बिजागरीपाशी खरवडला तेव्हा त्याखाली हिरवा आणि त्याखाली पिवळा निघाला. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून मूळ उत्पादन नोंदींवर आधारित हेरिटेज प्रमाणपत्र मागवले, त्यात पेल प्रिमरोज हेच नाव निघाले आणि वाद मिटला. ताज्या लोण्यात चिमूटभर हळद कालवावी तसा हा रंग आहे. वाहनाच्या नोंदणीपत्रावर रंग बदलून घेण्यासाठी डीव्हीएलए या ब्रिटिश वाहननोंदणी संस्थेला कळवावे लागते आणि त्याचे शुल्क लागत नाही. या संपूर्ण प्रकरणात फुकट झालेली ही एकमेव गोष्ट असल्यामुळे तिचा उल्लेख करणे मला अगत्याचे वाटते.

रंग उतरवण्याच्या पद्धतींविषयी मी आधी पुष्कळ वाचले होते आणि त्यामुळे माझा गोंधळ वाढला होता. वाळूचा मारा केल्यास पातळ, सपाट पत्रा ताणला जातो आणि त्याला लाटा येतात. बॉनेट किंवा दाराचा पत्रा असा एकदा लहरला की तो पुन्हा सरळ करणे हे फार कुशल हातांचे आणि फार महाग काम आहे. संपूर्ण ढाचा रसायनात बुडवला तर रंग निघतो, परंतु दुमडलेल्या कडांमध्ये आणि बंद कप्प्यांमध्ये शिरलेले रसायन पुरते धुतले गेले नाही, तर ते महिनोन्‌महिने पाझरत राहते. सोड्याचा मारा सौम्य असतो, पत्रा ताणला जात नाही आणि काचेलाही इजा होत नाही. मात्र तो गंज काढत नाही आणि मागे राहिलेली सोड्याची पूड नीट धुतली नाही तर नवा रंग धरत नाही. कार्यशाळेने बाहेरच्या पत्र्यासाठी सोडा, तळ आणि दारांखालच्या उंबऱ्यांसाठी बारीक काचेचा मारा आणि बॉनेटसाठी हाताने घासकाम असा तोडगा काढला. त्या काळातल्या एमजीबीचे बॉनेट ॲल्युमिनियमचे असते, त्यामुळे तिथे हात राखूनच काम करावे लागते. हा तोडगा उत्तम होता, असे मी आजही म्हणेन.

दोन्ही दारांचा रंग मात्र मी घरी स्वतः उतरवला, कारण त्यामुळे ४८० पौंड आणि त्यावरचा कर वाचत होता. याविषयी पुढे लिहावेच लागणार आहे.

रंग उतरल्यावर पहिला धक्का उंबऱ्यांनी दिला. या गाडीला वेगळी चासी नाही. तिची ताकद दारांखालच्या उंबऱ्यांत असते आणि प्रत्येक उंबरा आतला, मधला व बाहेरचा अशा तीन पत्र्यांचा बनलेला असतो. माझ्या गाडीत पूर्वीच्या कोण्या मालकाने सडलेल्या उंबऱ्यावरच नवा पत्रा चढवून, जोडावर लांबी (पुट्टी) भरून, वर लाल रंग मारून सारे झाकले होते. आत हात घातल्यावर गंजाचा चुरा ओंजळभर निघाला. नव्या उंबऱ्यांचे २,९०० पौंड वाढले. हे काम त्यांनी गाडी आडव्या दांड्यांनी जखडून आणि दारे जागेवर बसवून केले, कारण उंबरा कापताना गाडी मधोमध किंचित जरी वाकली तरी दाराची फट कायमची बिघडते. आज माझ्या दोन्ही दारांच्या फटी वरपासून खालपर्यंत एकसारख्या आहेत आणि दार बंद होताना जो एकच भरीव आवाज होतो, तो ऐकण्यासाठी मी कधीकधी विनाकारण दार उघडतो. डाव्या दारावर काचेच्या लहान त्रिकोणी खिडकीखाली, एमजीबी मालकांच्या परिचयाची ती उभी चीर होती. तीही त्यांनी वेल्डिंगने भरून अशी घासली की आता जागा दाखवता येत नाही.

प्रत्यक्ष रंगकामाबद्दल थोडक्यात लिहितो. उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर, त्यावर जाड थराचा प्रायमर, त्यावर काळ्या पुडीचा हलका हात मारून लाकडी ठोकळ्यावर गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने घासणे, म्हणजे जिथे काळे राहील तिथे खड्डा आहे हे कळते. मग पुन्हा प्रायमर आणि पुन्हा घासणे. हे चक्र तीनदा झाले. वर पारदर्शक लॅकर न देता एकाच थरात चमक असलेला दोन घटकांचा रंग निवडला, कारण साध्या, धातूची चमक नसलेल्या जुन्या रंगांवर लॅकरची काचेसारखी खोली मला परकी वाटते. या रंगाच्या कठीणकात (हार्डनरमध्ये) आयसोसायनेट हे रसायन असते, त्यापासून दमा जडू शकतो, म्हणून रंगारी बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा घालतो आणि ठरावीक काळाने लघवीची तपासणी करून घेतो. हे कळल्यावर घरच्या गॅरेजमध्ये आपणच फवारणी करावी हा माझा जुना बेत मी मुकाट्याने सोडला. पिवळा रंग खालचे झाकण्यात दुबळा असतो. तीन हातांत व्हायचे काम पाच हातांवर गेले आणि जास्तीच्या रंगाचे ३१० पौंड बिलात आले. त्या ३१० पौंडांवरून मी फोनवर वीस मिनिटे घातली, हे आता लिहिताना थोडे संकोचाचे वाटते.

पहिले सहा महिने गाडीने मला केवळ आनंद दिला. हिवाळ्यात इथे रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ती झाकून ठेवली. जानेवारीतल्या एका दुपारी तिरप्या उन्हात मागच्या डाव्या मडगार्डावर घासकामाच्या अतिशय बारीक रेषा उमटलेल्या दिसल्या. रंगातले द्रावक हळूहळू उडून जाते, थर बसतो आणि खालची खरखर वर डोकावते. हे होणारच होते आणि कार्यशाळेने ठरल्याप्रमाणे मार्चमध्ये ते मडगार्ड पाण्यासह बारीक पेपरने घासून, पॉलिश करून विनामूल्य दिले. त्या वेळी मी त्यांच्याविषयी चार लोकांना चांगले सांगितले होते.

मग जूनमध्ये तो दाणा आला. रंगकामावर बारा महिन्यांची हमी होती आणि अकरावा महिना चालू होता, त्यामुळे मी त्याच दिवशी छायाचित्रे पाठवली. दगड उडाला असेल, असे उत्तर आले. दगडाने टवका उडतो, फोड येत नाही, हे मी त्यांना सविस्तर लिहून कळवले. दुसरे उत्तर आले की एका फोडासाठी दार रंगवणे व्यवहार्य नाही, पुढच्या वर्षी पाहू. पुढच्या वर्षी हमी संपलेली असेल, हे त्यांना माझ्याइतकेच समजत होते. मी माझी टिपणे काढली. दारे जाड थराच्या प्रायमरमध्ये नऊ आठवडे त्यांच्या कोंदट पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती आणि असा प्रायमर सच्छिद्र असल्यामुळे हवेतला ओलावा शोषून घेतो. त्या ओलाव्यावर रंग चढवला, की उन्हात तो वाफ होऊन फोड आणतो, असा युक्तिवाद करून मी दोन पानी पत्र लिहिले. पत्र चांगले झाले होते. खाली इपॉक्सी होता आणि तो ओलावा पत्र्यापर्यंत जाऊ देत नाही, हे मला माहीत असूनही मी त्यात लिहिले नाही.

इथपर्यंतचा मजकूर मी जूनअखेरीस लिहून ठेवला होता आणि त्याचा सूर याहून बराच कडवट होता. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात रंगाऱ्याने मला बोलावले आणि माझ्यासमोर दार उतरवून फोड पात्याने उघडला. आत कोरडी पांढरी पूड नव्हती, प्रायमरचा सुटलेला पापुद्रा नव्हता. तपकिरी पाण्याचा एक थेंब होता. दाराच्या बाहेरच्या पत्र्याची कड आतल्या चौकटीवर दुमडलेली असते. त्याने ती घडी वीतभर लांबीत उलगडली, तर आतून दोन्ही बाजूंना ताजा, नारिंगी गंज होता आणि त्यावर एक चिकट, फिकट लेप होता. त्याने तो बोटावर घेऊन माझ्यापुढे धरला. रंग उतरवण्याच्या रसायनाचा वास मला ओळखू आला.

ऑक्टोबरच्या त्या आठवड्यात मी दारे घरामागच्या अंगणात दोन लाकडी घोड्यांवर आडवी ठेवून रसायन फासले होते. डब्यावर भरपूर पाण्याने धुवा असे लिहिले होते, म्हणून बागेच्या नळीने धुतले. पाणी आणि विरघळलेले रसायन घडीत शिरले. रिमझिम चालू होती, दोन तासांत उघड्या पत्र्यावर पिवळसर गंज धरू लागला, तेव्हा घाईने पुसून दारे कार्यशाळेत पोहोचवली. घडी गरम हवेने वाळवायला हवी होती. त्यांनीही ती वाळवली आहे का, असे विचारायला हवे होते, ही माझी तक्रार मी अजून मागे घेतलेली नाही. दुसऱ्याच्या हाताखालून आलेला पत्रा तपासल्याशिवाय त्यावर प्रायमर मारणे मला आजही निष्काळजीपणाचे वाटते. पुण्यात वडिलांची पद्मिनी मोटार रंगवणारा नाना पेठेतला मिस्त्री आम्ही घासून नेलेला पत्रा हातात घेताच पुन्हा घासायला बसत असे आणि त्याचे पैसेही मागत असे, ते आठवले.

कार्यशाळेच्या मालकाने बिलावर बोट ठेवले: ग्राहकाने तयार करून दिलेल्या भागांना हमी लागू नाही, असे तिथे बारीक अक्षरांत होते. तरीही त्यांनी मजुरी घेतली नाही. घडी साफ करून, वाळवून, आत इपॉक्सी आणि मेण सोडून ती पुन्हा दुमडली आणि संपूर्ण दार रंगवले. छटा तंतोतंत जुळली, कारण ज्या जास्तीच्या रंगावरून मी वीस मिनिटे भांडलो होतो, त्यातलाच अर्धा लिटर त्यांनी माझ्या नावाची चिठ्ठी लावून ठेवला होता. साहित्याचे करासह २२८ पौंड झाले.

हिशेब मांडायचा तर दारांचा रंग स्वतः उतरवून मी करासह ५७६ पौंड वाचवले होते. त्यातून रसायनाचे ५८ आणि पेपर, हातमोजे इत्यादींचे ४० वजा केले, आता हे २२८ वजा केले, तर मी अजूनही २५० पौंडांनी फायद्यात आहे. हा हिशेब पत्नीला सांगितला, तेव्हा तिने माझ्या त्या आठवड्याच्या सुट्टीची किंमत विचारली. ती मी धरलेली नाही.

राहिले उजवे दार. त्यालाही तोच डबा, तीच नळी आणि तीच रिमझिम मिळाली होती. आधीच उलगडून, साफ करून पुन्हा रंगवायचे असेल तर मजुरीसह ६४० पौंड लागतील, असे कार्यशाळेने कळवले आहे आणि मी त्यांना अजून उत्तर दिलेले नाही. दर रविवारी गाडी पुसून झाली की गुडघ्यावर बसून त्या दाराच्या खालच्या कडेवरून बोट फिरवतो. परवा कोपऱ्यापाशी काहीतरी लागले, पोटात खड्डा पडला आणि विजेरी आणली; वाळलेले मेण होते, नखाने निघाले.