क्वेबेक सिटीचे मॉरिन सेंटर : फ्रेंच शहरातले इंग्रजी ग्रंथालय

कॅनडाच्या फ्रेंच भाषक क्वेबेक प्रांतात इंग्रजी भाषक कुठे राहतात असे विचारले, तर बहुतेक जण मॉन्ट्रियल बेटाच्या पश्चिम भागाकडे बोट दाखवतील, आणि ते बरोबरच आहे. वेस्टमाउंट, पॉइंट-क्लेअर, बीकन्सफील्ड या वस्त्यांत इंग्रजी सहज कानावर पडते. त्याखेरीज ईस्टर्न टाउनशिप्समधले लेनॉक्सव्हिल, ओटावा नदीच्या खोऱ्यातले शॉव्हिल, गास्पेच्या किनाऱ्यावरचे न्यू कार्लाइल अशी गावेही आहेत. राजधानी क्वेबेक सिटीचे नाव मात्र सहसा कोणी घेत नाही, कारण तेथे इंग्रजी मातृभाषा असलेले लोक आज शंभरात जेमतेम दोन निघतील. तरीही या समाजाची गोष्ट मुळापासून समजून घ्यायची असेल, तर आधी याच शहरातले मॉरिन सेंटर पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

जुन्या तटबंदीच्या आत असलेली ही दगडी इमारत 1812 साली तुरुंग म्हणून पूर्ण झाली. माहितीसह घडवली जाणारी फेरी इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत असते. तळाच्या अरुंद कोठड्यांत शिरल्यावर जमिनीत ठोकलेल्या लोखंडी कड्या दिसतात आणि बाहेरच्या रस्त्याचा विसर पडतो. पुढे फ्रेंच भाषेतले कादंबरीकार म्हणून नावाजलेले फिलिप ओबेर द गास्पे कर्जापायी 1838 ते 1841 याच तुरुंगात होते. कैदी हलवल्यानंतर इमारतीत मॉरिन कॉलेज आले. त्याची प्रयोगशाळा आणि मोठे सभागृहही फेरीत पाहायला मिळते.

मला सर्वांत मोलाचे वाटले ते ग्रंथालय. 1824 साली लॉर्ड डलहौसी या गव्हर्नरांनी स्थापन केलेल्या साहित्य व इतिहास संस्थेचे हे ग्रंथालय 1868 पासून येथेच आहे. साताऱ्याचे आणि नागपूरचे राज्य खालसा करणारा आपल्या इतिहासातला डलहौसी हा याच गव्हर्नरांचा मुलगा, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. छतापर्यंत गेलेली लाकडी कपाटे, वर फिरणारा सज्जा, आणि 1759 साली ब्रिटिशांना शहर जिंकून देताना मरण पावलेल्या जनरल वुल्फचा, पूर्वी एका नाक्यावरच्या घराला लावलेला लाकडी पुतळा, असे सगळे तेथे एकत्र नांदते. एवढे जुने वैभव असूनही पुस्तके केवळ पाहण्यापुरती नाहीत. नवी इंग्रजी पुस्तके घरी नेता येतात, आणि सभासदांमध्ये फ्रेंच मातृभाषेचे लोकही आहेत. मूठभर समाजाने सांभाळलेली संस्था शेजाऱ्यांनाही आपली वाटावी, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

ही संस्था एवढी मोठी का बांधली गेली, याचे उत्तर शहराच्या जुन्या लोकसंख्येत आहे. 1860 च्या दशकात येथील सुमारे चाळीस टक्के लोक इंग्रजी बोलत. त्यांत स्कॉटिश व्यापारी होते, तसे लाकूड चढवणारे आणि गोदीत राबणारे आयरिश मजूरही होते. पुढे लाकडी जहाजांचा धंदा बसला, सेंट लॉरेन्स नदीचे पात्र खोल केल्यामुळे मोठी जहाजे थेट मॉन्ट्रियलला जाऊ लागली, 1871 मध्ये ब्रिटिश पलटणही परत गेली, आणि कामाच्या मागे माणसे गेली. मॉन्ट्रियलच्या इंग्रजी वस्त्या पाहताना हे ठाऊक असले, तर एका शहरातून दुसऱ्या शहराकडे सरकलेला व्यापार आणि त्याबरोबर हललेला समाज नीट उलगडतो. म्हणूनच मी मॉन्ट्रियलच्या आधी येथे यावे असे म्हणतो.

फेरी साधारण तासाभराची असते, पण ग्रंथालयासाठी वेगळा वेळ राखून ठेवावा. सभागृह लग्नसमारंभांसाठी भाड्याने दिले जाते, तेव्हा निघण्यापूर्वी वेळापत्रक पाहून घ्यावे. रस्त्याच्या पलीकडे 1810 साली उघडलेले सेंट अँड्र्यूज हे स्कॉटिश चर्च आहे. तेही त्याच भेटीत पाहून होते.