तैलाभ्यंगासाठी फादरांना घरी बोलावताना: वसईतील एक अनुभव

गेल्या पावसाळ्यात आईच्या मांडीचे हाड मोडून शस्त्रक्रिया ठरली, तेव्हा तैलाभ्यंगासाठी, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावून प्रार्थना करण्याच्या कॅथलिक विधीसाठी, फादरांना घरी बोलवावे, असे मी सुचवले, त्यावर आत्याने "एवढी वेळ आली का?" असे विचारून मला गप्प केले. तिच्या लहानपणी या साक्रामेंताला (पवित्र संस्काराला) ‘अंतिम अभ्यंग’च म्हणत. तो केवळ मरणासन्नांसाठी नाही, हे कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 सालीच सांगितले आणि 1972 मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्याचा विधीही बदलला, तरी आमच्याकडच्या घरांतून ती धास्ती गेलेली नाही.

धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, कार्यालयात सकाळी फोन केला आणि संध्याकाळी फादर आले. आईला पापनिवेदन करायचे होते, म्हणून त्यांनी आम्हाला ओट्यावर पाठवले. नंतर काही न बोलता त्यांनी तिच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले आणि खिशातून अंगठ्याएवढी, फिरकीच्या झाकणाची स्टीलची डबी काढली. तिच्यात तेलात भिजवलेला कापूस होता. हे तेल ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहात बिशप आशीर्वादित करतात. पूर्वी डोळे, कान, नाक, ओठ, हात, पाय असे सर्वत्र तेल लावत. आता कपाळ आणि हात एवढेच. मोगरा खुडून खरखरीत झालेले तळवे आईने स्वतःहून पुढे केले, आणि ती शुद्धीवर असताना हे झाले याचे मला फार समाधान वाटले.

उणीव एकच: प्रार्थनेचा कागद कोणाच्या हाती नव्हता, त्यामुळे ‘आमेन’खेरीज आम्हाला काही म्हणता आले नाही. शुल्क नव्हतेच; आम्ही दिलेले पाकीट फादरांनी गरिबांच्या पेटीत टाकायला लावले.

शस्त्रक्रियेनंतर आईची प्रकृती ढासळली. आजार बळावल्यास हा संस्कार पुन्हा घेता येतो, पण भेटीची वेळ संपल्याचे सांगून रुग्णालयाच्या सुरक्षारक्षकाने फादरांना लिफ्टपाशी चाळीस मिनिटे थांबवले. तैलाभ्यंग फक्त धर्मगुरूच देऊ शकतात, आमच्यापैकी कोणी ते करणे शक्य नव्हते, हे त्याला समजावण्यात माझा घसा कोरडा पडला. रुग्णाला दाखल करतानाच प्रभारी परिचारिकेला तशी कल्पना देऊन ठेवावी, म्हणजे ही ओढाताण टळेल.

आई आता काठी घेऊन वाडीत जाते. आत्याने मोतीबिंदूसाठीही फादरांना विचारून पाहिले. आजार गंभीर असावा लागतो, असे सांगून त्यांनी तिला नुसता आशीर्वाद दिला, आणि ती चार दिवस रुसून होती.