सांडपाण्याच्या गाळाचे पोतीबंद खत: संत्र्याला चालेल, पालकाला नको

नागपूरच्या कॉटन मार्केट भागातील एका कृषी केंद्रात सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या गाळापासून तयार केलेले खत ४० किलोच्या पोत्यांत मिळते. आंबिया बहाराच्या (हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याच्या) तयारीसाठी ते काटोलकडच्या संत्राबागेत वापरून पाहिले. खत भुसभुशीत आहे, त्याला दुर्गंधी नाही, खडे-काचा जवळजवळ नाहीत आणि काळ्या जमिनीत ते सहज मिसळते. विदर्भातील चुनखडीयुक्त जमिनीत संत्र्याला जस्ताची कमतरता नेहमीच भासते. गाळाच्या खतात जस्त असतेच, त्यामुळे या बाबतीत ते शेणखतापेक्षा उजवे ठरू शकते. खत म्हणून माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती पोत्यावर जे छापले आहे आणि जे छापलेले नाही त्याबद्दल.

पोत्यावर ‘शहरी कंपोस्टच्या निकषांनुसार’ असे लिहिले असून त्याखाली जड धातूंचा तक्ता आहे: कॅडमियम ५, शिसे १००, क्रोमियम ५०, निकेल ५०, पारा ०.१५, सर्व मिलिग्रॅम प्रतिकिलो. पहिल्या नजरेत ही तपासणीची नोंद वाटते. प्रत्यक्षात हे खत नियंत्रण आदेश, १९८५ मधील कमाल मर्यादांचे आकडे आहेत, जसेच्या तसे उतरवलेले. या पोत्यातील मालात किती कॅडमियम निघाले, कोणत्या प्रयोगशाळेने कोणत्या तारखेला तपासले, गाळ कोणत्या केंद्राचा आहे, यांपैकी काहीही त्यावर नाही. दुकानदाराने मागितल्यावर एक प्रमाणपत्र दाखवले, पण त्यावरचा लॉट क्रमांक पोत्यावरच्या क्रमांकाशी जुळत नव्हता.

आपल्या मर्यादा सैल आहेत असे मात्र म्हणता येणार नाही. अमेरिकेच्या १९९३ च्या गाळविषयक नियमांत कॅडमियमची कमाल मर्यादा ८५ मिलिग्रॅम आहे, युरोपच्या १९८६ च्या निर्देशात २० ते ४०. आपली ५ ची मर्यादा कागदावर कितीतरी कडक आहे. फरक पडतो तो तपासणी किती वेळा व्हावी यात: अमेरिकी नियमांनुसार वर्षाला २९० टनांपेक्षा कमी गाळ जमिनीवर जात असेल तर वर्षातून एकदा, आणि १५,००० टन किंवा त्याहून अधिक जात असेल तर दर महिन्याला नमुना तपासावा लागतो. गाळाची घडण शहरातील नाल्यांत त्या महिन्यात कोणी काय सोडले यावर ठरते. मुलामा देणाऱ्या एखाद्या कारखान्याचे पाणी गटारात मिसळले तर एका लॉटचा अहवाल पुढच्या लॉटबद्दल काहीच सांगत नाही. म्हणूनच ग्राहकाला मर्यादेपेक्षा लॉटचा आकडा अधिक उपयोगी.

भीती किती बाळगावी, याचा अंदाज साध्या हिशेबाने येतो. कॅडमियम नेमके ५ मिलिग्रॅम धरले आणि हेक्टरी ५ टन खत टाकले, तर वर्षाला २५ ग्रॅम कॅडमियम जमिनीत जाते. वरच्या १५ सेंटिमीटर थरातील सुमारे २० लाख किलो मातीत ही भर किलोमागे ०.०१२५ मिलिग्रॅम इतकी होते. एका वर्षाला ती नगण्य आहे. वीस वर्षे सतत टाकल्यास पाव मिलिग्रॅम होते, आणि स्वच्छ जमिनीत मुळातच कॅडमियम सहसा एक मिलिग्रॅमहून कमी असल्याने ती वाढ दुर्लक्षिता येत नाही. धातू कुजत नाही, उलट कंपोस्ट होताना सेंद्रिय भाग घटतो आणि उरलेल्या खतात धातूचे प्रमाण वाढते. आपल्या जमिनीचा सामू (पीएच) जास्त असल्याने कॅडमियम मातीत बांधले जाते, हा दिलासा आहे. तरीही पालक, मेथी यांसारख्या पालेभाज्या ते फळझाडांपेक्षा अधिक शोषतात.

तक्त्यात नसलेली गोष्ट अधिक गंभीर वाटते. नॉनस्टिक भांडी, जलरोधक कापड, अग्निशामक फेस यांतून सांडपाण्यात येणारी पीएफएएस वर्गातील रसायने कंपोस्टच्या उष्णतेने नष्ट होत नाहीत. ५५ अंशांवर रोगजंतू मरतात, ही रसायने तशीच राहतात. अमेरिकेतील मेन राज्याने याच कारणाने २०२२ मध्ये गाळ शेतात टाकण्यावर बंदी घातली. स्वित्झर्लंडने त्याआधीच, इतर प्रदूषकांचा विचार करून, शेतीतील वापर बंद केला होता. आपल्या कंपोस्ट निकषांत धातू आहेत, ही रसायने नाहीत, त्यामुळे ‘निकषांनुसार’ हा शिक्का त्यांच्याबद्दल मौन बाळगतो. नागपुरात भांडेवाडीच्या प्रक्रिया केंद्रातील पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाते याची चर्चा होते. पाण्यातून वेगळा होणारा गाळ कुठे जातो, हे विचारणारे कमी.

एकंदर, खताच्या गुणवत्तेला पाचपैकी चार आणि माहितीला एक. फळबाग व फुलझाडांसाठी मी ते पुन्हा घेईन, पण लॉटचा अहवाल हातात आल्यावरच, आणि त्याच बांधावर लावलेल्या पालेभाजीच्या वाफ्यांत टाकणार नाही. ज्यांना दरवर्षी टाकायचे आहे त्यांनी पहिल्या पोत्याआधी आपल्या मातीचा कॅडमियम आणि शिशाचा आकडा काढून ठेवावा. पुढे तुलना करायला तोच लागेल.