‘गर.’ला टॅब चालतो, ‘बिया.’ला नाही: पायथन शेलमधल्या टॅबचा हंगामभराचा अनुभव

आधीच सांगून टाकतो: पायथनच्या साध्या शेलमध्ये (आज्ञा टाइप करून लगेच उत्तर बघायच्या खिडकीत) टॅब दाबून नावं पूर्ण करून घेण्याची सोय रोजच्या कामाला पुरेशी आहे, आणि त्यासाठी इंटरनेटवर जेवढी खटपट करायला सांगतात त्यातली बरीचशी आता निरर्थक आहे. मात्र तुम्ही माझ्यासारखी व्हेरिएबलला मराठी नावं देत असाल, तर एक खोच आहे. ती मला कुठेच लिहिलेली सापडली नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात वाळपईजवळ एका काजू कारखान्याचे हिशेब बघतो. हंगामात रोजचं काम ठरलेलं: ‘गोवा बागायतदार’ या सहकारी संस्थेचा आजचा दर काय, कोणत्या गावातून किती बिया आल्या, भाजून-फोडून गराचा उतारा किती पडला, त्यात डब्ल्यू २४० किती आणि डब्ल्यू ३२० किती. (हे आकडे म्हणजे एका पौंडात बसणारे गर. २४० म्हणजे २२० ते २४०, म्हणजे दाणा मोठा आणि भावही चढा.) पूर्वी हे सगळं एक्सेलमध्ये असायचं. या हंगामात फाइल्स पांडाजमध्ये (टेबलांवर काम करणाऱ्या पायथनच्या लायब्ररीत) उघडून शेलमध्येच आकडेमोड करायला लागलो. पुढे पावसाळाभर साठ्याचे हिशेबही तसेच केले.

टॅबची मांडणी म्हणाल तर बहुतेकांना काहीच करावं लागत नाही. जुन्या लेखांत सगळीकडे एकच मंत्र दिसतो: रीडलाइन (टाइप केलेली ओळ हाताळणारं) आणि आरएलकम्प्लीटर (नावं सुचवणारं) ही दोन मॉड्यूल इम्पोर्ट करा, टॅबला ‘कम्प्लीट’ बांधा, ते एका फाइलीत ठेवा आणि पायथनस्टार्टअप या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये त्या फाइलीचा पत्ता द्या. २०१४ साली ३.४ आवृत्ती आली तेव्हापासून हे सगळं शेल स्वतःच करतो, आणि आधी दिलेल्या आज्ञांचा इतिहासही होम फोल्डरमधल्या लपलेल्या फाइलीत ठेवतो. मॅकवर तर हा मंत्र जसाच्या तसा चालतच नाही. तिथे बहुधा जीएनयू रीडलाइनऐवजी लिबएडिट असतं आणि त्याची बांधणीची भाषा वेगळी. आपोआप होणारी मांडणी मात्र हा फरक ओळखून घेते.

तरीही टॅब दाबल्यावर नुसती मोकळी जागा पडत असेल आणि वरचा बाण दाबल्यावर कंसासारखी विचित्र चिन्हं उमटत असतील, तर दोष मांडणीचा नाही. तुमचा पायथन रीडलाइनशिवाय बांधला गेला आहे. स्वतः सोर्समधून किंवा पायएन्व्ह या आवृत्त्या बसवणाऱ्या साधनाने पायथन बांधणाऱ्यांना हे हमखास भेटतं. रीडलाइनचं डेव्हलपमेंट पॅकेज टाकायचं आणि पायथन पुन्हा बांधायचा, हा सरळ इलाज.

माझ्या उबुंटू २४.०४ मध्ये ३.१२ आहे. त्यात एकच बदल केला: रीडलाइनच्या इनपुटआरसी या सेटिंगच्या फाइलीत ‘शो-ऑल-इफ-अँबिग्युअस’ चालू केलं. नाहीतर पर्याय एकापेक्षा जास्त असले की टॅब दोनदा दाबावा लागतो. पांडाजच्या टेबलानंतर बिंदू देऊन टॅब दाबलात तर शंभराहून कितीतरी जास्त नावं निघतात आणि सगळी दाखवू का म्हणून शेल विचारतो. बिंदूनंतर एखादं अक्षर टाकूनच टॅब दाबायची सवय लावून घ्या.

आता ती खोच. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं. मी कच्च्या मालाच्या टेबलाला ‘बिया’ आणि तयार मालाच्या टेबलाला ‘गर’ असं नाव दिलं. ‘बि’ लिहून टॅब दाबला की ‘बिया’ पूर्ण होतं, तिथपर्यंत सगळं ठीक. ‘गर.’ लिहून टॅब दाबला की कॉलम, मेथड सगळं समोर. ‘बिया.’ लिहून टॅब दाबला की शुकशुकाट. टेबल तेच, पांडाज तोच, फक्त नाव वेगळं.

कारण आरएलकम्प्लीटरच्या आत आहे. बिंदूच्या डावीकडचं नाव ओळखण्यासाठी तिथे एक रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातला नमुना ओळखायचा नियम) वापरलं आहे, आणि पायथनचं रेग्युलर एक्स्प्रेशन ज्याला ‘शब्दातलं अक्षर’ म्हणतं त्यात काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त यातलं काहीच बसत नाही. युनिकोडच्या लेखी ती जोडचिन्हं आहेत, अक्षरं नव्हेत. ‘गर’मध्ये मात्राच नाही, म्हणून ते पास. ‘दर’ पास, ‘वजन’ पास. ‘बिया’ पहिल्या वेलांटीलाच अडखळतं, ‘काजू’ पहिल्या कान्याला, ‘उतारा’ ‘त’च्या कान्याला. खुद्द पायथनला ही सगळी नावं बिनतक्रार चालतात, आडवा येतो तो फक्त टॅब. बिंदूच्या उजवीकडेही याची झळ पोचते: ‘गर.प्र’ लिहून टॅब दाबला तर हलन्ताच्या पुढचं धरलंच जात नाही आणि ‘प’ने सुरू होणारं सगळं यादीत येतं.

याच्या शेजारचीच आणखी एक गंमत. गाड्यांच्या खेपांसाठी ‘फेऱ्या’ नावाचा कॉलम होता. एका यंत्रावर तो टॅबच्या यादीत दिसायचा, दुसऱ्यावर नाही. दुसऱ्या कीबोर्डवर ऱ्या लिहिताना साध्या ‘र’नंतर एक अदृश्य जोडचिन्ह (झीरो-विड्थ जॉइनर) पडत होतं. दिसायला अक्षर तेच, पण त्या चिन्हासकट नाव पायथनच्या नियमात बसत नाही, आणि जे नाव नियमात बसत नाही ते पांडाज टॅबच्या यादीत घालत नाही. टर्मिनलमध्ये देवनागरी दिसते कशी, हा तर वेगळाच रडकथेचा विषय. जोडाक्षरं फुटतात आणि कर्सर भलत्याच घरात उभा असतो.

कोणी म्हणेल, आयपायथन हा जास्त सोयींचा शेल का नाही वापरत? वापरतो. त्यात ‘बिया.’चा प्रश्नच येत नाही, चौकोनी कंसात कॉलमचं नाव टाकतानाही टॅब चालतो, आणि दिलेली प्रत्येक आज्ञा लगेच डेटाबेसमध्ये लिहिली जाते. हे शेवटचं आमच्याकडे फार मोलाचं, कारण ३.१२ पर्यंतचा साधा शेल इतिहासाची फाइल बाहेर पडताना लिहितो, आणि जुलैत वाळपईला वीज गेली की यूपीएस नसलेल्या कचेरीतल्या यंत्राला नीट बाहेर पडायची संधीच मिळत नाही. पण त्याच यंत्रावर आयपायथन उघडायला इतका वेळ लागतो की दोन आकडे बघायला तो सुरू करावासा वाटत नाही.

कचेरीतलं ते यंत्र विंडोजचं. तिथे साध्या शेलला टॅब मिळावा म्हणून पूर्वी पायरीडलाइन३ घालावं लागायचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ पासून शेलच नवा आहे, पायपाय या पायथनच्याच दुसऱ्या अवताराच्या शेलवरून घेतलेला, आणि त्यात विंडोजवरही टॅब चालतो. अनेक ओळींचा लूप वर जाऊन एकसंध दुरुस्त करता येतो, हे मला टॅबपेक्षाही जास्त आवडलं. ३.१४ मध्ये इम्पोर्टच्या ओळीतही मॉड्यूलची नावं पूर्ण होतात. मात्र हा नवा शेल इनपुटआरसी वाचत नाही. व्हीआय या जुन्या एडिटरच्या पद्धतीने टाइप करणाऱ्यांचा त्यावर राग आहे तो रास्तच. त्यांनी पायथन-बेसिक-रेपल हे व्हेरिएबल १ करून जुन्या शेलवर परतावं.

‘बिया.’चा इलाज शेवटी स्टार्टअप फाइलीतच केला. आरएलकम्प्लीटरच्या कम्प्लीटर क्लासमधलं बिंदूवालं फंक्शन बदलून माझं छोटं फंक्शन बसवलं. ते शेवटच्या बिंदूवर नाव तोडतं आणि डावीकडचा प्रत्येक तुकडा पायथनला नाव म्हणून चालतो का, एवढंच तपासतं. क्लासच बदललेला असल्याने ते जुन्या-नव्या दोन्ही शेलमध्ये लागू पडतं, आणि स्टार्टअप फाइल फक्त शेल उघडल्यावर वाचली जात असल्याने रात्रीच्या स्क्रिप्टना त्याचा काही उपद्रव नाही.

फंक्शनच्या कंसानंतर बिंदू देऊन टॅब दाबला तर मात्र अजूनही काही येत नाही, आणि ते मी मुद्दाम तसंच ठेवलं आहे. तिथली यादी दाखवायची तर शेलला आधी ते फंक्शन चालवून बघावं लागेल. आमच्याकडे अशाच एका फंक्शनने साठ्यातून माल वजा होतो.